बिशप झोपले आहेत

गुरुवार, २ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. आमच्या लीशेन वस्तीतल्या निवडुंग मंडळानं मला उमेदवार म्हणून घेतलं. पक्का सभासद १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी, परीक्षा पास झाल्यावर. परीक्षा अशी: मंडळाचे अध्यक्ष हुबाचेक मास्तर (चाळीस वर्षं भूगोल शिकवला, आता फक्त निवडुंग) उमेदवाराला आपल्या काचघरातलं एक झाड देतात. ते हिवाळाभर सांभाळायचं आणि जिवंत परत आणायचं. संपलं.

मला मिळालेलं झाड मुठीएवढं, करडं, पाच कंगोऱ्यांचं, काटा एकही नाही. मूळ मेक्सिकोच्या वाळवंटातलं. मास्तरांनी बारा वर्षांपूर्वी बी पेरून वाढवलेलं. दिसतं बिशपच्या टोपीसारखं, म्हणून सगळे त्याला बिशपच म्हणतात.

सूचना: थंड जागा, उजेड, आणि मार्चपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मास्तर म्हणाले, व्हिमाझल, हिवाळ्यात ते झोपतं. झोपलेल्याला कुणी पाणी पाजतं का? हात खिशात ठेवायचे. यावर सगळं टेबल हसलं. का, ते कळलं नाही.

अडतीस वर्षं इथं ब्रनो शहराच्या ट्रॅम डेपोत कंट्रोलर होतो मी. एका वेळी एकशे दहा गाड्या सांभाळल्या. एक कुंडी म्हणजे किस झाड की पत्ती.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

वेळापत्रक तयार. वेळापत्रकाशिवाय माणसाला काही न करणंसुद्धा धड जमत नाही, हा डेपोतला अनुभव.

८.०० पाहणी. पाणी नाही.
१२.०० पाहणी, थर्मामीटर. पाणी नाही.
१७.०० पाहणी, नोंद. पाणी नाही.

मिलाला दाखवलं. (मिला म्हणजे बायको. उद्या कुणाच्या हाती वही पडली तर म्हणून लिहिलं. अर्थात कुणाच्या हाती पडू देणार नाही.) ती म्हणाली, दिवसातून तीनदा जाऊन बघणार, तर ते बिचारं झोपणार कधी? पोस्टाच्या खिडकीत बसून बसून तिला प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारायची सवय लागली आहे.

जागा मिळाली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधली जिन्याची खिडकी. उजेड उत्तम, तापमान नऊ अंश. अडचण एकच. तिथं पाचव्या मजल्यावरच्या नेकुदोवा बाईंचं बटाट्याचं पोतं असतं. बाई म्हणाल्या, ही खिडकी ब्याऐंशी सालापासून माझ्या बटाट्यांची आहे. मी म्हटलं, बाई, हे बिशप आहेत. म्हणाल्या, पोप असले तरी डावीकडं सरकवा.

सरकवलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

काही घडलं नाही. पाणी तिन्ही वेळा नाही. खरं सांगायचं तर सोपं आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. जूनमध्ये रिटायर झाल्यापासून घरात फोन वाजतो तो मिलासाठी. पूर्वी पहाटे पाचला डेपोतून यायचा: व्हिमाझल, आठ नंबर रुळावरून उतरली, काय करू? आता कुणी काही विचारत नाही. मंडळात लोक दर गुरुवारी गुत्त्यात जमले की विचारतात. माती किती, वाळू किती, तुमचं काय मत. पण ते आतल्या टेबलाशी. उमेदवार दाराजवळच्या बाकावर बसतो आणि दार उघडलं की मानेवर वारा घेतो. मला त्या टेबलाशी खुर्ची पाहिजे. बाकी काही नको.

शनिवार, ११ ऑक्टोबर

जरा विचार केला. मास्तर म्हणाले, झोपलेल्याला पाणी नको. बिशप झोपले आहेत हे कशावरून? नऊच तर दिवस झाले. नवीन जागा, बटाट्यांचा वास. मलाही परक्या घरी आठ-पंधरा दिवस झोप लागत नाही. आणि माणूस झोपण्यापूर्वी घोटभर पाणी पितोच.

निरोपाचा अर्धा कप दिला. याला पाणी घालणं म्हणत नाहीत. आता मार्चपर्यंत एक थेंब नाही. पक्कं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर, संत मार्टिन

सणाचा हंस उत्तम भाजला होता. कोबी थोडा आंबट. मिलाच्या बहिणीनं नवी वाइन आणली होती, सगळे खुशीत होते, आणि अशा वेळी जिन्यात नेकुदोवा बाई गाठून म्हणाल्या, अहो व्हिमाझल, तुमचे ते बिशप वारले की काय?

धावत गेलो. बिशप खरंच आक्रसले आहेत. कंगोरे धारदार, मध्ये खळगे, अर्धे मातीत उतरल्यासारखे. मिलाच्या शिवणाच्या टेपनं मोजलं. ऑक्टोबरात घेर एकतीस सेंटिमीटर होता. आज साडेअठ्ठावीस!

मास्तरांना फोन केला. मोठ्यानं जांभई देऊन म्हणाले, आक्रसायलाच पाहिजे. अंगातलं पाणी कमी झालं की थंडी बाधत नाही. हात कुठं आहेत तुमचे? मी म्हटलं, खिशात. (एकच होता. दुसऱ्यात फोन.)

मोठी माणसं. त्यांच्याकडं दोन हजार झाडं आहेत. माझ्याकडं एक आहे. प्रेमात फरक पडणारच.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी, इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायच्या फवाऱ्यानं बिशपवर किंचित धुकं सोडलं. मेक्सिकोच्या वाळवंटात पहाटे धुकं असतं असं लायब्ररीतल्या पुस्तकात आहे. धुकं हे हवामान आहे. पाणी नव्हे.

नेकुदोवा बाईंनी तक्रार केली की बटाट्याचं पोतं दमट लागतं. मी म्हटलं, नोव्हेंबर आहे बाई.

मिलानं फवारा कपाटात वर ठेवून दिला. म्हणाली, ओल्डा, तुला नीट सांगते, अति तिथं माती. मी म्हटलं, मी कुठं अति करतोय, फवारतोय. पण तिचा मान राखून फवारा बंद. निश्चय: आता संपूर्ण विश्रांती.

गुरुवार, ४ डिसेंबर, संत बार्बरा

आज एक शोध लागला.

मिलानं दरवर्षीप्रमाणं चेरीच्या पानं झडलेल्या फांद्या कापून आणल्या आणि स्वयंपाकघरात कोमट पाण्यात उभ्या केल्या. नाताळपर्यंत फुलतात. आमच्या आजीच्या आजीपासून चालत आलं आहे, आणि कुणी असं म्हटलं नाही की चेरी झोपली आहे, हात खिशात ठेवा! बाहेर बर्फ असताना नुसत्या काडीला फूल येतं, तर बारा वर्षांच्या बिशपना का येऊ नये? भूगोलाच्या मास्तरांना हे सुचलं नसणार. मार्चमध्ये मी नुसतं जिवंत झाड नेणार नाही, फुललेलं नेईन. टेबलाशी खुर्ची काय, टेबलाचं टोक देतील.

बिशपना स्वयंपाकघरात हलवलं. बावीस अंश. फांद्यांच्या शेजारी. जगमधलं उरलेलं कोमट पाणी त्यांना. हा प्रयोग आहे, त्यामुळं पाण्याच्या नियमात येत नाही.

मिला बघत होती. काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

सोमवार, २२ डिसेंबर

फांद्यांचं पाणी दर तीन दिवसांनी बदलतो. आज सहाव्यांदा बदललं. उरलेलं नेहमीप्रमाणं बिशपना.

परिणाम थक्क करणारे. घेर तेहतीस! सुरकुती एक नाही. शिवाय उंची वाढली. टोपीचं टोक वर निघालं आहे, फिकट हिरवं, लांबुडकं. मिला म्हणाली, बिशप होते, आता सर्कशीतला विदूषक दिसतो. हेवा.

बाथटबमध्ये नाताळच्या जेवणाचा कार्प मासा पोहतो आहे, शनिवारपासून. त्यामुळं अंघोळ नाही. मिलाला माझ्या अंगाचा वास येतो म्हणून मी बिशपजवळच बसतो. त्यांची तक्रार नसते.

बुधवार, २४ डिसेंबर

चेरीला तीन फुलं आली. शास्त्र सिद्ध झालं.

संध्याकाळी कार्पचं सूप, मग तळलेला कार्प, बटाट्याचं सॅलड. सगळं यथास्थित. टेबलावरून उठायच्या आत एकदम आजी आठवली. ती या जेवणातलं सगळ्यांना द्यायची. कुत्र्याला, कोंबड्यांना, बागेतल्या सफरचंदाच्या झाडालासुद्धा. घरातल्या ज्या जिवाला आजच्या दिवशी विसरलात तो पुढच्या नाताळला नसतो, म्हणायची. लहानपणी मी रडायचो की उंदरांना कुणी दिलं का.

आता हे खरं नाही हे मलाही कळतं. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला माणूस. पण मग विषाची परीक्षा कशाला? मिला दिवे लावायला गेली तेव्हा बिशपना एक चमचा सूप दिलं. वरवरचं, मासा नव्हता त्यात. असलीच तर माशाची थोडी अंडी.

गुरुवार, २५ डिसेंबर

सूप काढून टाकण्यासाठी कुंडी स्वच्छ पाण्यानं नीट धुवून काढली. धुणं म्हणजे घालणं नव्हे. आपण ताटं धुतो, त्यांना पाणी पाजत नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

स्वयंपाकघरात वास. मिला म्हणाली, कार्प गेला, नाताळ गेला, हा वास का जात नाही? मी म्हटलं, ड्रेनेज. तिनं नाक पुढं करून सरळ कुंडीपर्यंत माग काढला. पोस्टात कुत्री घाबरतात तिला.

मातीवर पांढरी लव आली आहे. सासऱ्यांच्या घरची प्लमची दारू आहे, बावन्न टक्के. तिच्यापुढं कुठलाच जंतू टिकत नाही, सासरेही ब्याण्णव वर्षं टिकले. दोन चमचे मातीवर सोडले. एक मी घेतला. मग झाडाला चढू नये म्हणून थोडं पाणी. यातलं काहीही पाणी घालणं नाही, हा औषधोपचार आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

मंडळाची सभा. बाकावर बसलो. कुणीतरी मेक्सिकोच्या सहलीची छायाचित्रं दाखवली, दीड तास. प्रत्येकात एक दगड आणि शेजारी गुडघे टेकलेला हुबाचेक.

मध्यंतरात मास्तर स्वतः बाकाशी आले. म्हणाले, कसे आहेत बिशप? मी म्हटलं, झोपलेत. म्हणाले, शाबास, तुमच्याकडून एवढा धीर धरवेल असं वाटलं नव्हतं. आणि माझ्या खांद्यावर थोपटलं, सगळ्यांसमोर!

फार बरं वाटलं. परतताना ट्रॅममध्ये मात्र उतरायचा स्टॉप चुकला. ड्रायव्हर नवा असावा.

सोमवार, २ फेब्रुवारी

दिवस तासाभरानं मोठा झाला. आमच्याकडं म्हणच आहे तशी. बिशपना तासभर जास्त उजेड म्हणजे तासभर जास्त तहान, हा साधा हिशेब. अर्धा कप. आता एकदम मार्चमध्ये.

दाबून पाहिलं. मऊ लागतात. लोण्यासारखे. चांगलं पोसलेलं झाड मऊ असतं. सुकलेलं टणक असतं. ही गोष्ट बोटांना कळते, पुस्तकातून कळत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

बिशप किंचित पश्चिमेकडं झुकले आहेत. मेक्सिको पश्चिमेलाच आहे. घराची ओढ कुणाला सुटत नाही.

मिलाची विणायची सुई लावून सरळ केले. ती म्हणाली, ओल्डा, मास्तरांना फोन कर, खरं काय ते सांग, अजून वरचा भाग कापून वाचवता येईल. मी म्हटलं, चांगल्या झाडाला कापायचं? म्हणाली, चांगलं? मग ती उगाच रुमालानं डोळे पुसत बाहेर गेली. सर्दी झाली आहे तिला, महिनाभर बघतोय.

फोन करावासा वाटला होता. नंबर फिरवलाही. पण सुरुवात कुठून करायची? ते म्हणतील, तुम्ही तर म्हणालात झोपलेत. ठेवून दिला.

रविवार, १ मार्च

बुडाशी तपकिरी रंग चढला आहे. जुन्या पितळी वस्तूंना चढतो तसा, वयाचा. शिवाय बावीस अंशांत बिशप फार मऊ पडले असावेत असं वाटून त्यांना पुन्हा जिन्यात ठेवलं, आणि थंडीची सवय लागावी म्हणून मातीवर मूठभर बर्फ. बर्फ घन असतो.

नेकुदोवा बाई म्हणाल्या, व्हिमाझल, मी बटाटे वर नेते. मी म्हटलं, का? म्हणाल्या, संगत.

बुधवार, १८ मार्च

शर्टाला इस्त्री. बूट पॉलिश. चार ओळींचं आभाराचं भाषण पाठ केलं. बिशप सुई आणि दोन काड्यांच्या आधारानं उभे आहेत. कडेनं पाहिलं तर अजिबात कळत नाही.

गुरुवार, १९ मार्च

मिला म्हणाली, मी येते बरोबर. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, येते.

गुत्त्याची आतली खोली भरलेली. माझ्या आधी एक फार्मसीतली तरुण बाई होती. तिनं झाड नोव्हेंबरात तळघरात ठेवलं, तिथंच विसरली, काल सायकल काढायला गेली तेव्हा आठवलं. सुरकुतलेलं, धुळीनं माखलेलं. त्यावर तीन कळ्या. टाळ्या. नशीब असतं एकेकाचं.

मग मी. मास्तरांनी चष्मा लावला. काड्या काढल्या, सुई काढली, कुठलाही शेरा न मारता. अंगठ्यानं कंगोऱ्याला हलकेच दाबलं. बिशप त्यांच्या हातात आले. अख्खे. मुळं कुंडीतच राहिली. खालून चॉकलेटी पाणी गळलं, मास्तरांच्या बाहीवर.

बारा वर्षं त्यांनी वाढवलेलं झाड. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. रुमालावर ठेवलं, नीट, आणि विचारलं, व्हिमाझल, किती वेळा?

मी म्हटलं, एक थेंब नाही.

मास्तर म्हणाले, बरं. आणि बाकीच्यांकडं बघितलं. मग एकेक जण बोलायला लागला. निवृत्त खाटीक म्हणाला, मी माझ्या पहिल्याला नववर्षाला बिअर पाजली. सेक्रेटरी म्हणाली, मी रेडिएटरवर ठेवलं, वर स्वेटर घातला. मास्तर स्वतः म्हणाले, मी त्र्याहत्तर साली पहिल्या झाडाला सर्दी होईल म्हणून रमचा चहा दिला, ओळीनं नऊ रविवार. सगळे हसत होते. या टेबलाशी एकही माणूस असा नाही, मास्तर म्हणाले, ज्यानं पहिलं झाड मायेनं मारलं नाही. मग पुन्हा माझ्याकडं वळले. किती वेळा, व्हिमाझल?

सगळे बघत होते. मिला बघत होती. भाषण पाठ होतं, ते एकदम विसरलो. मी म्हटलं, एकही नाही. जिन्यात शेजारच्या बाईंचे बटाटे आहेत, त्यांच्यामुळं दमटपणा आला असावा.

कुणी हसलं नाही. मास्तरांनी वहीत लिहिलं: उमेदवारी पुढच्या वर्षीपर्यंत. 

ट्रॅममध्ये मिला माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. समोर चिठ्ठी होती, व्हिमाझल लिहिलेली. बिअरही ओतून ठेवली होती. ती तू आत आल्यापासून तिथं होती, ओल्डा. झाड बघायच्या आधीपासून.

मी म्हटलं, मला दिसली नाही.

शुक्रवार, २० मार्च

दिसली होती. वाटलं, दुसरा कुणी व्हिमाझल असेल. ब्रनोत पुष्कळ आहेत.

पाहणीचं वेळापत्रक भिंतीवरून काढलं. आठला तरीही जिन्यात गेलो. खिडकी रिकामी. बटाटेसुद्धा नाहीत. जेवण गेलं नाही. वाईट वाटतंय, असं लिहायला हरकत नाही. वही माझीच आहे.

शनिवार, २१ मार्च

दहा वाजता मास्तरांना फोन केला. म्हटलं, मी व्हिमाझल. घातलं होतं. पाणी.

ते म्हणाले, किती वेळा?

मी म्हटलं, एक-दोनदा. ते गप्प. म्हटलं, चारदा. गप्प. मागून त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. म्हटलं, थांबा, वही आणतो.

पानं उलटत मोठ्यानं मोजलं. विचारलं, धुकं धरायचं का? म्हणाले, धरा. दारू? धरा. बर्फ? म्हणाले, वितळला ना? म्हटलं, हो. म्हणाले, मग धरा. सूप धरल्यावर पलीकडून विचित्र आवाज यायला लागला, मला वाटलं मास्तरांना काही झालं. हसत होते. थांबेपर्यंत मी रिसीव्हर धरून उभा.

एकोणीस.

म्हणाले, मंडळ पन्नासहून जास्त वर्षं जुनं आहे. एका हिवाळ्यात, एका झाडाला, आजवरचा आकडा नऊ. तो माझा होता. मग खाकरून म्हणाले, गुरुवारी सहाला या, आणि वेळेवर या, परवा तुमची बिअर गरम झाली. आणि येताना ती वही आणा. सगळ्यांना वाचून दाखवायची.

स्वयंपाकघरात जाऊन मिलाला सांगितलं. मला घेतलं. आणि एकोणीस. वाटलं, हसेल. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. कानापर्यंत लाल झाली होती. मग मान वर न करता म्हणाली, बावीस. तीनदा मी घातलं. सकाळी तू पाव आणायला जायचास तेव्हा. जिन्यात एवढंसं होऊन बसलेलं दिसायचं रे, माझ्याच्यानं बघवेना.

म्हणजे एकोणिसापर्यंत बिशप ठणठणीत होते.